ब्लूफिन ट्यूना, स्टेलवॅगन बँक आणि चरबीचं गणित

अटलांटिक ब्लूफिन ट्यूना जन्मतो मेक्सिकोच्या आखातात, नाहीतर थेट भूमध्य समुद्रात. पण दरवर्षी जून लागला की अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ग्लॉस्टर, प्रॉव्हिन्सटाउन, ग्रीन हार्बर अशा बंदरांतून छोट्या बोटी त्याच्या मागावर निघतात आणि त्यातल्या कितीतरी एकाच जागी जाऊन थांबतात. त्या जागेचं नाव स्टेलवॅगन बँक. इतकं पोहून हा मासा तिथेच का येतो? दोनशे-तीनशे किलोचं धूड गळाने कसं धरतात? धरल्यावर त्याला लगेच वर न ओढता बोटीशेजारी पोहवत का ठेवतात? आणि सरकार त्याचा एकेक नग का मोजतं? या सगळ्या प्रश्नांची उत्तरं फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात, ती म्हणजे चरबी. मासा ती कमवायला येतो, माणूस ती विकायला.

पाण्याखालचं पठार

समुद्राचा तळ जिथे मधेच उंचावून पठारासारखा होतो, पण पाण्याबाहेर डोकं काढत नाही, त्याला बँक म्हणतात. आपल्याकडे विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथे तळ वर येत येत पृष्ठभागाखाली वीसेक मीटरवर पोचतो. स्टेलवॅगनचा माथाही साधारण तेवढाच उथळ आहे. फरक असा, की आंग्रिया प्रवाळाची, तर स्टेलवॅगन वाळू-रेतीची. हिमयुगातल्या हिमनद्या वितळताना त्यांनी सोबत आणलेला गाळ, वाळू आणि गोटे जिथे टाकले, तिथे हे पठार तयार झालं. तेव्हा समुद्राची पातळी बरीच खाली होती आणि सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी ही जागा चक्क कोरडी जमीन होती. मॅमथ आणि मास्टोडॉन या हत्तीच्या नामशेष भाऊबंदांचे दात इथे मच्छीमारांच्या जाळ्यात आलेले आहेत.

नकाशा काढला तर बॉस्टनच्या समोर, उत्तरेला केप अ‍ॅन आणि दक्षिणेला केप कॉड या दोन टोकांच्या मधे ही बँक मॅसॅच्युसेट्स उपसागराच्या तोंडाशी आडवी पडलेली दिसते. लांबी तीसेक किलोमीटर, रुंदी दक्षिणेच्या टोकाला दहाएक किलोमीटर. मच्छीमार तिला पूर्वी नुसती ‘मिडल बँक’ म्हणायचे. १८५४ साली हेन्री स्टेलवॅगन या नौदलाच्या अधिकाऱ्याने तिची नीट मोजणी केली आणि तिला त्याचं नाव मिळालं.

आता यात माशांचा काय फायदा? भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून चार वेळा या पठारावरून आत-बाहेर करतं. बॉस्टनला भरती आणि ओहोटीतला फरक तीनेक मीटरचा असतो, म्हणजे पाणी थोडंथोडकं नाही. खोलातून येणारा प्रवाह बँकेच्या कडेवर आदळला की त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. तळाचं पाणी थंड आणि खतासारख्या क्षारांनी भरलेलं. ते उजेडात आलं की सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी पोसतात, त्यांवर लहान मासे. वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी उन्हाळ्यात एकमेकांत सहज मिसळत नाही. त्या दोन थरांच्या सीमेवर, पाण्याच्या आत, प्रत्येक ओहोटीला मोठाल्या लाटा उठतात. वरून त्या लाटा दिसत नाहीत. दिसतात ते समुद्रावरचे गुळगुळीत, तेलकट वाटणारे लांब पट्टे. अनुभवी तांडेल या पट्ट्यांच्या कडेने बोट चालवतो, कारण पट्ट्यांच्या खाली खाद्य गोळा झालेलं असतं.

या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा मासा दिसायला अगदी क्षुल्लक आहे. सँड लान्स म्हणतात त्याला. बोटाएवढा लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, चांदीसारखा चकचकीत. दिवसा थवे करून पोहतो आणि रात्री किंवा धोका दिसला की डोकं खाली घालून सरळ वाळूत घुसतो. त्याला चिखल चालत नाही, खडक तर नाहीच. भरड, सैल वाळूच लागते आणि स्टेलवॅगनचा माथा नेमका तसा आहे. याच्याच आशेने हंपबॅक देवमासे इथे येतात आणि रात्री तळाशी जाऊन जबड्याने वाळू ढवळतात. सोबत हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा, आणि अटलांटिक बांगडा. या सगळ्यांच्या मागे ट्यूना.

थंड पाण्यातला गरम मासा

ट्यूना, बांगडा, सुरमई आणि आपला कुपा हे एकाच कुळातले. पण यातले बहुतेक उबदार पाण्यातच राहणं पसंत करतात. ब्लूफिन हा अपवाद. स्टेलवॅगन ज्या आखातात येते त्या मेनच्या आखातातलं पाणी उन्हाळ्यातसुद्धा वरवर कोमट आणि थोडं खाली गेलं की झोंबणारं असतं. तिथे हा मासा तासन्‌तास शिकार करतो, कारण त्याचं शरीर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा बरंच गरम असतं.

माशांचं रक्त कल्ल्यांमधून जातं तेव्हा ते पाण्याच्या इतकं जवळ येतं की अंगातली सगळी ऊब तिथेच निघून जाते. म्हणून सर्वसाधारण मासा पाण्याइतकाच थंड असतो. ब्लूफिनच्या अंगात स्नायूंकडून परतणाऱ्या गरम रक्ताच्या आणि कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताच्या बारीक नळ्यांचं दाट जाळं आहे. त्या नळ्या एकमेकींना चिकटून, पण उलट दिशांनी वाहतात. गरम रक्त कल्ल्यांपर्यंत पोचायच्या आधीच आपली ऊब शेजारच्या थंड रक्ताला देऊन टाकतं आणि ऊब अंगातच फिरत राहते. केप कॉडवरच्याच वुड्स होल इथे फ्रँक केरी या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात यावर काम केलं. त्याने माशांच्या स्नायूत तापमापक खुपसून मोजलं, पुढे माशाला प्रेषक बसवून मोकळं सोडून मोजलं आणि दाखवलं की पाणी कितीही बदललं तरी ब्लूफिनच्या खोल स्नायूंचं तापमान त्यामानाने फार थोडं हलतं. ही ऊब स्नायूंपुरतीच नसते. पोट गरम राहतं म्हणून खाल्लेलं लवकर पचतं, डोळे आणि मेंदू गरम राहतात म्हणून थंड पाण्यातही नजर मंदावत नाही. ही नजर पुढे गळ टाकणाऱ्याला फार छळते.

पण ऊब फुकट मिळत नाही. ती टिकवायला सतत खावं लागतं. शिवाय हा मासा थांबूच शकत नाही: तोंड उघडं ठेवून पुढे पोहत राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहतं, थांबला तर गुदमरतो. वसंतात मेक्सिकोच्या आखातात अंडी घालून झाली की तो रोडावलेला असतो. मग उत्तरेला येतो तो भरपाई करायला. जूनमध्ये धक्क्यावर येणारा मासा लांब आणि सडपातळ दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला त्याच लांबीचा मासा पाठीपासून पोटापर्यंत भरलेला, शेपटीच्या मुळापर्यंत गोलाई आलेला. महागडा असतो तो हाच.

गळ, पतंग आणि नांगराचा फुगा

या भागात ब्लूफिनसाठी मोठ्या जाळ्यांचा उपयोग आता जवळजवळ संपला आहे. उरलंय ते गळ-काठी आणि हातदोरी, शिवाय हारपून म्हणजे फेकायचा भाला. हारपूनवाले वेगळ्याच जातीचे लोक. बोटीच्या नाकावरून पुढे काढलेल्या लांब, अरुंद फळीच्या टोकाला भालेकरी उभा राहतो आणि समुद्र आरशासारखा शांत असेल त्या दिवशी पृष्ठभागाजवळ पोहणाऱ्या माशावर नेम धरतो. यात कौशल्य प्रचंड लागतं, पण वाऱ्याची एक झुळूक आली की दिवस फुकट. म्हणून बहुतेकजण गळाकडे वळतात.

दिवसाची सुरुवात ट्यूनाने होत नाही, बांगड्याने होते. पहाटे किनाऱ्याच्या जवळ एका दोरीला पाच-सहा बारीक गऱ्या लावून जिवंत बांगडे पकडतात आणि बोटीवरच्या वाहत्या पाण्याच्या टाकीत ठेवतात. मेलेलं आमिष चालत नाही असं नाही, पण जिवंत माशाची घाबरलेली धडपड जी हाक मारते ती मेलेल्याला जमत नाही. आमिष जमलं नाही तर काही बोटी मोठ्या माशाच्या जागी जातच नाहीत. मला हे फार पटतं.

मग बँकेच्या कडेवर जागा निवडायची. नैऋत्य कोपरा, वायव्य कोपरा ही नावं तिथल्या लोकांच्या तोंडी सतत असतात, कारण कोपऱ्यांवर प्रवाह वळतो आणि खाद्य साचतं. सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तळाजवळ सँड लान्सचे ढग दिसतात का, हेरिंगचा थर किती खोल आहे, मधेच जाड, कमानीसारखी रेघ उमटते का, हे बघतात. देवमासे आणि पाण्यात सूर मारणारे पक्षी हे जुने, फुकटचे सोनार. जागा ठरली की नांगर टाकतात किंवा प्रवाहाबरोबर बोट वाहू देतात. हेरिंगचे तुकडे थोडे थोडे करून पाण्यात सोडत राहतात, म्हणजे वास पसरतो.

गळ एकाच खोलीवर टाकत नाहीत. एक तळाजवळ, एक मधल्या थरात फुग्याला बांधून, आणि एक अगदी पृष्ठभागावर. हा तिसरा सगळ्यात मजेशीर, कारण तो चक्क पतंगाने टाकतात. बोटीवरून खास बनवलेला पतंग उडवायचा, त्याच्या दोरीला चिमट्याने गळाचा दोर अडकवायचा आणि जिवंत बांगडा पाण्याला जेमतेम टेकेल असा लटकवायचा. बांगडा वरच्या वर तडफडतो, पाणी उडवतो, आणि मुख्य म्हणजे पाण्यात दोर दिसतच नाही. ट्यूनाच्या नजरेवर हा उतारा. वारा पडला तर पतंगाला हेलियमचा फुगा जोडतात. बाकीच्या गळांना शेवटचे काही मीटर फ्लुरोकार्बनचा दोर असतो, जो पाण्यात सहसा उठून दिसत नाही. तो जितका बारीक तितकं मासा फसण्याची शक्यता जास्त आणि तुटण्याचीही. या एका निवडीवर तिथे तासन्‌तास वाद चालतात. दुसरी रीत म्हणजे बोट सावकाश चालवत मागे रबरी माकुळांची अख्खी रांग ओढत न्यायची, जणू एक छोटा थवा पळतोय आणि शेवटचा मागे पडलाय. गळ लपलेला असतो तो या शेवटच्यात.

मग वाट बघणं. बहुतेक दिवस एवढंच होतं, आणि हे कुणी लिहीत नाही.

मासा लागला की रील किंचाळायला लागतं. मोठ्या माशासाठीच्या रीलवर ब्रेक असतो, ज्याला ड्रॅग म्हणतात. ठरावीक ताणाच्या पुढे मासा ओढेल तेव्हा तो आपोआप ढील देतो, म्हणजे दोर तुटत नाही आणि तरी माशाला प्रत्येक मीटरसाठी ताकद मोजावी लागते. हा ताण साधारण पंधरा-वीस किलोचा ठेवतात. पहिल्या धावेत मासा चारशे-पाचशे मीटर दोर सहज नेतो. नांगर टाकलेला असेल तर तो वर ओढायला वेळ कुठला? म्हणून नांगराच्या दोराला आधीच एक मोठा फुगा बांधलेला असतो. दोर बोटीवरून सोडून द्यायचा, फुगा पाण्यावर तरंगत राहतो, आणि बोट मोकळी होऊन माशाच्या मागे जाते. काम आटोपलं की परत येऊन फुगा उचलायचा.

पुढचा खेळ अर्ध्या तासाचा असतो किंवा कित्येक तासांचा. शेवटी मासा बोटीखाली मोठाल्या गोल चकरा मारायला लागतो. प्रत्येक चकरेत तो थोडा वर येतो तेव्हा दोर गुंडाळायचा, खाली जाताना नुसता धरून ठेवायचा. बोटीला लागला की हारपून मारतात आणि शेपटीला दोराचा फास.

मासा मेला, खरी घाई आता

इथपर्यंत बघणाऱ्याला वाटतं संपलं. खरं तर पैसे कमावण्याचा किंवा घालवण्याचा भाग आता सुरू होतो आणि त्याला कारण पुन्हा तीच ऊब. लढताना माशाचे स्नायू आणखी तापलेले असतात आणि त्यात आम्ल साचलेलं असतं. अशा माशाला तसाच मारून ठेवला तर आतलं मांस अक्षरशः शिजायला लागतं: लालभडक आणि अर्धपारदर्शक असायला हवं ते फिकट, पाणचट, भुसभुशीत होतं. जपानी व्यापारी याला ‘याके’ म्हणतात. असा मासा साशिमीच्या, म्हणजे कच्च्या खायच्या मासळीच्या बाजारातून बाद.

म्हणून शहाणा तांडेल दमलेल्या माशाला लगेच मारत नाही. दोराने धरून, बोट अगदी सावकाश पुढे नेत, त्याला शेजारी पोहवत ठेवतो. कल्ल्यांवरून थंड पाणी वाहतं, अंग निवतं, साचलेलं आम्ल कमी होतं. मग छातीच्या परामागे दोन्ही बाजूंना आणि शेपटीजवळ चीर देऊन रक्त पूर्ण काढतात, काहीजण पाठीच्या कण्यातून तार घालून मज्जारज्जू निकामी करतात, कल्ले आणि आतडी काढतात, आणि पोटात बर्फ भरून अख्खं धूड बर्फ आणि समुद्राच्या पाण्याच्या काल्यात बुडवतात. नुसता बर्फ फक्त टेकतो तिथे गार करतो, काला सगळीकडून.

धक्क्यावर व्यापारी येतो तो आधी शेपटीकडे वळतो. शेपटीजवळून एक चकती कापतो आणि पोकळ सळई अंगात घुसवून आतल्या मांसाची बारीक कांडी बाहेर काढतो. ती बोटांत धरून उजेडात बघतो, चोळतो. चरबी किती हे बोटांना तेलकटपणावरून कळतं. रंग, ताजेपणा, आकार आणि चरबी यांना प्रत लावतो. एकाच दिवशी, एकाच धक्क्यावर उतरलेल्या दोन माशांना दुप्पट-तिप्पट वेगळा भाव मिळू शकतो तो यामुळे. काही मासे धक्क्यावरच विकले जातात. काही जपानला लिलावासाठी पाठवतात, तेव्हा पैसे लिलावानंतर मिळतात आणि भाव पडला तर नुकसान मच्छीमाराचं.

या प्रत लावण्यातून एक भन्नाट गोष्ट निघाली. न्यू हॅम्पशायरमधल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेतल्या तज्ज्ञाने वर्षानुवर्षं प्रत्येक माशाची चरबी आणि आकार वहीत टिपून ठेवले होते. वॉल्ट गोलेट आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २००४ या काळातल्या त्या नोंदी तपासल्या आणि २००७ साली दाखवून दिलं की मेनच्या आखातातले ब्लूफिन हळूहळू रोडावत चाललेत. चक्रावून टाकणारी बाब अशी, की त्याच काळात त्यांचं आवडतं खाद्य, हेरिंग, भरपूर होतं. मग भरल्या ताटावर उपास कसा? २०१५ साली याच गटाने मांडलेलं उत्तर असं: हेरिंगची संख्या वाढली होती, पण एकेक हेरिंग लहान झालं होतं. दोनशे किलोच्या माशाला दहा लहान मासे पाठलाग करून धरायला जी ताकद लागते ती तीन मोठे धरायला लागत नाही. समुद्रात किती टन खाद्य आहे एवढं मोजून भागत नाही, ते किती मोठ्या घासात मिळतं हेही मोजावं लागतं. व्यापाऱ्याच्या वहीतून विज्ञान निघाल्याची याहून चांगली उदाहरणं मला फारशी माहीत नाहीत.

मांजराच्या अन्नापासून टोकियोपर्यंत

आज या माशाचा एवढा डंका आहे, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यू इंग्लंडमध्ये त्याला ‘घोडबांगडा’ छापाच्या नावाने ओळखत. पाउंडाला काही सेंट भाव, आणि बराचसा जायचा पाळीव प्राण्यांच्या अन्नात. शौकीन लोक धरायचे ते फोटो काढण्यापुरते.

चित्र पालटलं ते विमानांमुळे. १९७० च्या सुमारास जपानमधून उत्तर अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी भरलेली मालवाहू विमानं यायची आणि परत जाताना रिकामी जायची. जपान एअरलाइन्सचे अकिरा ओकाझाकी परतीच्या भाड्याच्या शोधात होते. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे फुकटात गेल्यासारखे ब्लूफिन त्यांना सापडले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ते टोकियोच्या लिलावात पोचले. काही वर्षांत सगळ्या किनाऱ्याचं अर्थकारण बदललं.

टोकियोच्या लिलावाच्या बातम्या वाचताना मात्र एक खबरदारी घ्या. जानेवारी २०१९ मध्ये तोयोसू बाजारात एक २७८ किलोचा मासा ३३.३६ कोटी येनला गेला, ही बातमी खरी आहे. पण तो जपानच्याच पाण्यातला पॅसिफिक ब्लूफिन होता, आणि वर्षातल्या पहिल्या लिलावाची बोली ही हॉटेलसाखळीची जाहिरात असते. ग्लॉस्टरच्या धक्क्यावर कुणाला तो भाव मिळत नाही. डिझेल, आमिष, बर्फ आणि रिकामे गेलेले दिवस वजा केले तर बऱ्याच बोटींचा हिशेब जेमतेम जुळतो.

अभयारण्यात मासेमारी?

स्टेलवॅगन बँक १९९२ पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे २,१८० चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर प्रवेशबंदीची पाटी येते, पण इथे मासेमारी चालते. वाळू उपसायला बंदी आहे. सँड लान्सचं घर वाळूतच, त्यामुळे हे एक कलम खूप काही वाचवतं. देवमाशांना धडका बसू नयेत म्हणून बॉस्टनला जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा मार्गही २००७ साली थोडा वळवला.

ट्यूनाची मोजणी मात्र अभयारण्याच्या हद्दीवर ठरत नाही. ती ठरते माद्रिदमध्ये. १९६६ च्या करारातून जन्मलेली ‘इकॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था अटलांटिकमधल्या ट्यूनाचा वाटा देशोदेशी ठरवते. तिने महासागराच्या मधोमध ४५ अंश पश्चिम रेखांशावर एक रेघ ओढली आहे: पूर्वेकडचे मासे भूमध्यातले, पश्चिमेकडचे मेक्सिकोच्या आखातातले असं धरून. पश्चिमेकडच्या भागासाठी २०२३ ते २०२५ या वर्षांत मर्यादा २,७२६ टनांची होती, सगळ्या देशांत मिळून. अमेरिकेच्या वाट्याचे पुन्हा प्रकारवार तुकडे होतात आणि गळवाल्या व्यावसायिक बोटींच्या तुकड्याचे महिन्यांप्रमाणे आणखी तुकडे. सगळा वाटा जूनमध्येच उडाला तर ऑक्टोबरच्या चरबीदार माशांसाठी काही उरणार नाही, म्हणून. तुकडा संपला की मासेमारी बंद, मग तुमच्या बोटीखाली कितीही मासे असोत. व्यावसायिक माशाची लांबी जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, अंगाच्या वळणावरून टेप लावून, किमान ७३ इंच भरावी लागते. दिवसाला किती ठेवायचे तो आकडा बहुधा एक ते पाचच्या दरम्यान बदलता असतो. पकडलेल्याची नोंद चोवीस तासांत करायची. परवानाधारक व्यापारी प्रत्येक माशाच्या अंगावर क्रमांकाचा बिल्ला लावतो.

गंमत म्हणजे माशांना ती रेघ ठाऊक नाही. घोळ किंवा ढोमा खाताना डोक्यात जो पांढरा खडा लागतो, तो कानातला खडा असतो. ट्यूनालाही तो असतो, आणि पिल्लू असताना ते ज्या पाण्यात वाढलं त्याची रासायनिक खूण त्या खड्याच्या गाभ्यात कायमची राहते. खडे तपासल्यावर दिसलं की अमेरिकेच्या किनाऱ्यावर धरलेल्यांत भूमध्यात जन्मलेले मासे मोठ्या संख्येने आहेत. प्रेषक लावलेले मासेही महासागर ओलांडताना दिसले. २०१६ साली तर एका अभ्यासाने असंही दाखवलं की अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडच्या खोल समुद्रातसुद्धा ब्लूफिन अंडी घालतो. म्हणजे दोनच गाव आणि मधे एक वेस हे चित्र फारच ढोबळ होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये इकॅटने मर्यादा ठरवण्याची नवी पद्धत स्वीकारली, जी ही सरमिसळ गृहीत धरते.

तोवर या माशाचं नशीबही बरंच हललं होतं. २०१० साली कतारमधल्या दोह्यात त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचा मोनॅकोचा प्रस्ताव आला आणि फेटाळला गेला, तेव्हा बऱ्याचजणांनी त्याची आशा सोडली होती. पण नंतर मर्यादा खरोखर कमी केल्या गेल्या, पाळल्याही गेल्या, आणि २०२१ मध्ये, कोणता जीव नामशेष होण्याच्या किती जवळ आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत, तो ‘धोक्यात’ या वर्गातून ‘कमी चिंतेचा’ या वर्गात आला. त्यातही पूर्वेकडचा साठा जास्त सावरला. पश्चिमेकडचा मासा वयात यायला जास्त वर्षं घेतो असं मानतात, त्यामुळे तिथे हात आखडताच ठेवलेला बरा, असं माझं मत.

बॉस्टन परिसरातली कितीतरी मराठी कुटुंबं देवमासे बघायच्या फेरीबोटीने स्टेलवॅगनवर जाऊन आलेली असतात. त्याच बंदरांतून ट्यूनासाठी भाड्याच्या बोटीही मिळतात. जायचं असेल तर एक गोष्ट निघण्यापूर्वी तांडेलाला स्पष्ट विचारा. अशा बोटीवर दिवसातला पहिला ठेवलेला ब्लूफिन कोणत्या आकाराचा, यावर त्या दिवशी कोणता नियम लागू होणार हे ठरतं. ७३ इंचांच्या आतला असेल तर तो हौशी मासेमारीत मोडतो, विकता येत नाही आणि त्याचे तुकडे तुमच्या डब्यात येऊ शकतात, अर्थात तो वाटा तेव्हा चालू असेल तर. त्याहून मोठा धरून विकायचा असेल तर बोटीला विक्रीचा वेगळा परवाना लागतो, आणि तिथली रीत अशी की तुम्ही तीन तास घाम गाळून आणलेला तो मासा बोटीचा. तुम्हाला फोटो मिळतो, क्वचित शेपटीकडचा एखादा तुकडा.